नाथाला आलेली पत्रिका

आमच्या घरात कम्प्युटरला लिंबू बांधलेलं आहे. खोटं वाटत असेल तर सोनारीला या आणि बघून जा. डब्याच्या मागच्या बाजूला, पंख्याची गरम हवा जिथून बाहेर येते तिथं, काळ्या दोऱ्यात लिंबू, मिरची आणि बिब्बा. अमावास्येला बदलतात. बदलणारे आमचे धाकटे दीर, म्हणजे भावजी. "बाहेरनं कायबी येऊ नये म्हणून हाय ते, वहिनी," असं मला समजावून सांगतात. मी दिवसभर शाळेत पोरांना शिकवायचं आणि घरी येऊन हे शिकायचं. जे यायचं ते नेटच्या वायरीतून येतं, त्याला लिंबू दिसत नाही, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

खंडेनवमीला तर विचारूच नका. विळी, खुरपं, कुऱ्हाड, पहार यांच्या रांगेत कम्प्युटर. पडद्यावर हळदीकुंकवाची बोटं, कीबोर्डावर झेंडूच्या पाकळ्या. एका वर्षी कुंकू पेनड्राइव्ह लावायच्या खाचेत गेलं आणि ती खाच कायमची बाद झाली. भावजींना त्याचं काही नाही. देवाच्या कामी आली म्हणाले. त्यांचं गणित सरळ आहे. काळभैरवनाथ गावचा राखणदार, वेशीच्या आत वाईट वाऱ्याची यायची टाप नाही, मग व्हायरस कोण लागून गेला? आणि हा माणूस अडाणी आहे म्हणावं तर तसंही नाही. बी.कॉम. झालाय. परांड्याला कम्प्युटरचा कोर्स केलाय, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराशेजारी टांगलंय. उदबत्ती ओवाळताना हात आपोआप तिकडंही जातो.

पासवर्ड होता 'चांगभलं' आणि पुढं एक-दोन-तीन. मी एकदा गल्लीत सहज विचारत गेले. समोरच्या किराणावाल्याचा तोच, पलीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्याचा तोच. लोकांनी मला तो विचारल्याबरोबर सांगितला, ही आणखी वेगळी गंमत. देवाचं नाव घातलं की कुणी हात लावणार नाही, अशी सगळ्यांची खात्री. चोर काय दुसऱ्या देवाच्या राज्यातून येतो? मी आमचा पासवर्ड बदलून चांगला अवघड ठेवला, तर भावजींनी तो खडूनं भिंतीवर लिहिला, आणि चार दिवसांनी पुन्हा चांगभलं करून टाकला. म्हणे, नवा तोंडात बसत नाही.

अँटिव्हायरस होता. मीच विकत घेतला होता, वेळच्या वेळी नवा करत होते. पण तो मधेच टुणकन उडी मारून काहीतरी सांगायचा, आणि भावजींना मधे बोललेलं खपत नाही. त्यांचं काम सुरू झालं की ते त्याला बंद करायचे. काम संपल्यावर चालू करायचं लक्षात राहिलं तर नाथाची कृपा.

मी एवढा जीव का जाळत होते? घरातला जुनाट कम्प्युटर, गेला तर गेला, असं कुणी म्हणेल. पण त्या डबड्यात आमच्या ह्यांचा आवाज होता.

हे एस.टी.त कंडक्टर. परांड्याच्या स्टँडवर उभं राहून "सोनारी, सोनारी" असं ओरडले की बार्शीच्या गाडीत बसलेला माणूस दचकून खाली उतरायचा. घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, काय झालं हो? मला त्या आवाजाचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू. मग तंबाखूनं घसा धरला. सोलापूरच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव राहील, बोलणं जाईल. ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस मिळाले होते. मी मोबाईल ह्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, बोला. हे म्हणाले, काय बोलू? म्हटलं, रोज बोलता तेच बोला.

तर हे बोलले. "ऐकतीस का?" "चहा टाक." "भाजीत मीठ न्हाय." "दार कुणी उघडं ठेवलंय?" "चल, नाथाला जाऊन येऊ." "वह्या उद्या तपास, झोप आता." असं बरंच. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता, पण होता ह्यांचाच. शेवटी मी म्हटलं, सगळी खेकसाखेकसीच भरून ठेवणार का, एखादं चांगलंही बोला. हे लाजले. नवरदेवासारखे लाजले. मान खाली घालून म्हणाले, "बरी हायस तू." इतक्या वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदा बोलले, आणि तेही मोबाईलला.

मोबाईलवरची बारीक चित्रं ह्यांना दिसत नाहीत, म्हणून ती सगळी वाक्यं मी कम्प्युटरवर घातली. पडद्यावर एकेका वाक्याचं मोठं चित्र. हे बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसायचे, माऊसनं टिचकी मारायचे, आणि मोठ्या स्पीकरमधून आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. दवाखान्यातून आल्यावर घर इतकं गप्प झालं होतं की मला भांडी घासतानासुद्धा भीती वाटायची. पहिल्यांदा "ऐकतीस का?" ऐकू आलं तेव्हा मी पिठाच्या हातांनी पळत बाहेर आले. "ऐकतेय," म्हटलं. मग आम्ही दोघंही रडलो. तेव्हापासून घर पुन्हा घरासारखं चालू झालं. मीठ नाही म्हणून बोंब, दार उघडं म्हणून बोंब. मला पुन्हा वैताग यायला लागला आणि त्या वैतागाचं बरं वाटायला लागलं.

पुढं भावजींनी माझा जुना मोबाईल विकून नवा आणला. विकताना जुन्यातलं सगळं पुसून दिलं. मी विचारलं तर म्हणाले, "कम्प्युटरात हायच की." मी त्याच दिवशी सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवलं आणि तो देवघरातल्या स्टीलच्या डबीत ठेवला. घरात सगळ्यांना सांगितलं की ह्या डबीला हात लावायचा नाही. सगळ्यांना म्हणजे भावजींना.

आता पत्रिकेचं. आमच्याकडं लग्न ठरलं की पहिली पत्रिका देवाला. नाथाच्या पायाशी पत्रिका, अक्षता आणि नारळ ठेवायचा, मग बाकीच्यांना वाटायला सुरुवात. भावकीतले लोक पूर्वी स्वतः येऊन ठेवायचे. पुण्याला, नगरला पांगले तशी पत्रिका टपालानं यायला लागली. आता कुणाला पाकीट चिकटवायलाही सवड नाही. ते कम्प्युटरवर पाठवतात. भावजी ती रंगीत छापतात, देवळात नेऊन पायाशी ठेवतात, फोटो काढतात आणि उलट पाठवतात. घरबसल्या देवाला आमंत्रण पोचलं. लोकांनी भावजींना एवढं डोक्यावर घेतलं की ते स्वतःला नाथाचे पोस्टमास्तर समजायला लागले. तुळशीचं लग्न लागलं की रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून कम्प्युटरपुढं बसायचे. मग घरात कुणी मोठ्यानं खोकायचंसुद्धा नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. देवाचं काम, कुणाचं काय बिघडतंय? पण भावजींनी फेसबुकवर जाहीर करून टाकलं. नाथाला पहिली पत्रिका पाठवायची असेल तर ह्या पत्त्यावर मेल करा, सेवेस तत्पर, खाली स्वतःचा फोटो, गॉगल घातलेला. म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली चावडीवर टांगायची आणि वर फलक लिहायचा की कुलूप ह्याच किल्लीचं. मी म्हटलं, भावजी, हे काढून टाका. ते हसले. "वहिनी, तुम्ही लई भिता. देवाला पत्रिका पाठवणारा माणूस वाईट असतो व्हय?"

तर त्या सकाळी शाळेला सुट्टी होती. मी पालेभाजी निवडत बाहेरच्याच खोलीत बसले होते, हे खुर्चीत पेपर वाचत होते. भावजी म्हणाले, आली एक. मी सवयीनं उठून पाहिलं. वर 'श्री काळभैरवनाथ प्रसन्न'. खाली दोन ओळी, आमच्या घरी शुभकार्य आहे, पत्रिका सोबतच्या फाइलमध्ये आहे, देवाच्या चरणी ठेवावी. बस. मी म्हटलं, भावजी, थांबा. ह्यात मुलाचं नाव नाही, मुलीचं नाव नाही, गाव नाही, मुहूर्त नाही. पाठवणाऱ्याचं आडनाव आपल्या भावकीत कुणाचंच नाही. बरं, सगळं सोडा, कुणाच्या मामाचं नाव नाही. तुमच्या जन्मात मामाचं नाव नसलेला लग्नाचा निरोप बघितलाय का?

"ते आत असंल की, फायलीत."

"फाइल झिप आहे, म्हणजे बांधलेलं गाठोडं. साधी पत्रिका असती तर न उघडता चित्र दिसलं असतं. आधी फोन करून विचारा."

"फोन नंबर दिलेला न्हाय."

"मग तर उघडूच नका."

भावजी माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच लग्न मोडायला आले आहे. "वहिनी, ही मला आली असती तर गोष्ट येगळी होती. ही नाथाला आलीय. देवाला आलेली पत्रिका उघडायची न्हाय म्हणणारे आपण कोण?" आणि त्यांनी टिचकी मारली. त्या दिवशी बंद करायचा राहून गेलेला अँटिव्हायरस लाल होऊन वर आला. धोका आहे, उघडू नका, असं मराठीत नाही पण त्यांच्या सर्टिफिकेटाला समजेल अशा सोप्या इंग्रजीत त्यानं सांगितलं. "ह्याला काय कळतंय देवाधर्मातलं," असं म्हणून भावजींनी त्याला बंद केलं. ह्यांनी पेपर खाली टाकला होता आणि हात हलवून नको नको म्हणत होते. ओरडायला आवाज असता तर त्या आवाजानंच भावजी खुर्चीतून पडले असते. पण पाठ फिरवून बसलेल्या माणसाला हात दिसत नाही.

आत पत्रिका नव्हतीच. थोडा वेळ काही झालं नाही, भावजी "बघा, उगं बोंब" असं म्हणालेसुद्धा. मग पडद्यावरची चित्रं एकेक करून पांढरी पडायला लागली. मी भाजी टाकून धावले, नेटची वायर उपटली, बटण बंद केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. चालू केल्यावर पडद्यावर इंग्रजी मजकूर. तुमच्या सगळ्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, पैसे भरा, किल्ली मिळेल. भावजींनी काय करावं? आतून कापूर आणला आणि पडद्याला ओवाळला. मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते, दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी त्याला खोट्यात काढलं असतं.

हे खुर्ची ओढून पुढं आले. 'ऐकतीस का' जिथं होतं तिथं आता कोरा कागद होता, खाली अगम्य अक्षरं. ह्यांनी त्यावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग शेजारच्यावर, मग त्याच्या खालच्यावर. सगळी वाक्यं एकेक करून बघितली. मग माझ्याकडं वळून तोंड उघडलं, सवयीनं, आणि मिटलं. तो चेहरा मी विसरणार नाही, आणि भावजींनाही विसरू देणार नाही.

मी देवघरात गेले. स्टीलची डबी उघडली. रिकामी. पेनड्राइव्ह भावजींनी आदल्या दिवशी काढला होता, नाथाची आरती दुसऱ्याला द्यायची होती म्हणून. आणि आता तो कुठं होता? कम्प्युटरलाच लावलेला होता. कुंकवातून जी खाच वाचली होती, तिच्यात. त्यातलंही सगळं पांढरं पडलं होतं. मी भावजींना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मास्तरीण आहे मी.

भावजी पैसे भरू म्हणत होते, नाहीतर नाथाला नवस बोलू म्हणत होते. दोन्ही त्यांना सारखंच वाटत होतं. ह्यांनी पाटीवर लिहिलं, चोराला दमडी द्यायची नाही. धाराशिवला जाऊन मी पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी नीट लिहून घेतली आणि पैसे भरू नका हेच सांगितलं. मग परांड्यातल्या दुरुस्तीवाल्याकडं डबा नेला. ह्या माणसाला एकच औषध माहीत. मशीन हळू चालतंय, फॉरमॅट मारू. आवाज येत नाही, फॉरमॅट मारू. मी म्हटलं, आतलं काढून दे. तर म्हणाला, आतलं निघत न्हाय मॅडम, कधी काळी ह्याची किल्ली कुणी शोधली तर निघंल, फॉरमॅट मारू का? मी डिस्क काढून घेतली आणि कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. ती अजून तिथंच आहे.

घर पुन्हा गप्प झालं. हे पाटीवर 'चहा' लिहून पाटी वर धरायचे. मी पाठमोरी असले तर टाळी वाजवायचे. नवरा टाळी वाजवून बोलावतोय आणि मी जातेय, याचं मला रडू यायचं, आणि रडू आलं की भावजींचा आणखी राग यायचा. त्यांच्याशी मी बोलणं टाकलं होतं. ताट वाढायचे आणि सरकवायचे.

आणि एके दिवशी जेवता जेवता भावजींनी खिशातून त्यांचा मोबाईल काढून माझ्यापुढं ठेवला. "वहिनी, दादाचा आवाज माझ्याकडं हाय," असं खाली बघत म्हणाले.

हे ड्यूटीवर असताना भावजींना व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायचे. माझा मोबाईल कायम शाळेच्या पिशवीत तळाला, म्हणून घरचा सगळा निरोप भावजींमार्फत. ते सगळे निरोप भावजींनी ठेवले होते. एकही पुसला नव्हता. आम्ही लावले. पहिलाच लागला, "मोटार बंद केलीस का? न्हाय केली. मला म्हाईतच होतं." मग, "तुला अक्कल कधी येणार?" मग, "दुधाचं भांडं उघडं टाकून कुठं बोंबलत फिरतोस?" तो घोगरा नव्हे, दुखण्याच्या आधीचा, स्टँडवरचा आवाज. नुसत्या शिव्या. वर्षानुवर्षांच्या शिव्या, त्या माणसानं जपून ठेवलेल्या. हे खुर्चीत बसून ऐकत होते आणि खांदे हलवून हसत होते. गळ्यातून नुसती हवा येत होती.

एक निरोप असाही निघाला. "तुझ्या वहिनीला विचारल्याबिगर त्या मशीनला हात लावू नको. तिला त्यातलं कळतं, तुला न्हाय." मी तो पुन्हा लावला. मग भावजींकडं बघितलं. ह्या माणसानं भावाचा एकेक शब्द जिवापाड सांभाळला आणि त्यातला एकही ऐकला नाही. "का ठेवले हो हे?" मी विचारलं. ते म्हणाले, "दादाचा आवाज कुणी पुसतं व्हय?" मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. राग मात्र गेला नाही, तो आहे तिथंच आहे.

आता ते निरोप चार ठिकाणी आहेत. नेटला कधीच न लागणारी एक डिस्क कपाटात, एक तेरला माझ्या बहिणीकडं, एक नेटवर आणि एक नवी डिस्क घातलेल्या कम्प्युटरात. पासवर्ड माझ्या डोक्यात आहे आणि त्यात देव नाही. भावजींना पत्रिका छापायला वेगळं खातं करून दिलंय, त्यात त्यांना काही बंद करता येत नाही आणि उघडायचं झालं तर मला विचारावं लागतं. फेसबुकवरचा गॉगल मी स्वतः उतरवला. लिंबू मात्र आहे. लिंबाबद्दल मी हात टेकले.

ह्यांनी त्या शिव्यांतून कामापुरतं निवडून घेतलंय. दार उघडं राहिलं तर दुधाच्या भांड्याची शिवी लावतात, मीठ कमी पडलं तर अक्कल काढतात. "बरी हायस तू" त्यात कुठंच नाही. ते भावाला कोण म्हणेल? "ऐकतीस का?" सुद्धा नाही. मला हाक मारायला ह्यांच्याकडं एकच निरोप उरलाय, ड्यूटीवरून पाठवलेला. त्यातली सुरुवातीची शिवी कापून देते म्हटलं, तर हे हातानं नको म्हणाले.

आज दुपारी मी भाकरी थापत होते. भावजी शेताला गेलेले. बाहेरच्या खोलीतून टिचकी ऐकू आली आणि मग तो आवाज, भिंत हलेल असा. "ए गाढवा, तुझ्या वहिनीला बोलाव." बोलवायला घरात गाढव नव्हतं. मी हात पुसले आणि माझी मीच गेले.